अपूचा संच घ्यावा की नाही?

गेले तीन महिने एक वस्तू कार्टमध्ये टाकून ठेवलीय. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीचा, म्हणजे अपू नावाच्या मुलावरच्या तीन सिनेमांचा, ब्ल्यू-रे संच. काढलाय क्रायटेरियन या निवडक सिनेमे डिस्कवर आणणाऱ्या अमेरिकन कंपनीने. भाचा दिवाळीला न्यू जर्सीहून येतोय, "मामा, बॅगेत टाकून आणतो" म्हणालाय. पण रुपयांत हिशेब केला की आकडा आमच्या महिन्याच्या वाण्याच्या बिलाच्या घरात जातो आणि बोट अडतं.

बायकोचं म्हणणं एकदम रोखठोक. "आधी कपाटातल्यांची प्लास्टिकं फाड, मग पुढचं बोल." नुसतं बोलून थांबली नाही, मोजून दाखवलं. 64 डिस्क, त्यातल्या 11 अजून सीलबंद. काय बोलणार?

म्हणूनच स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या क्रायटेरियन संचाचा नाद मी कधीच सोडला. 2018 मध्ये त्याच्या जन्मशताब्दीला निघालेला, 39 चित्रपट, 30 डिस्क, सोबत विटेएवढं पुस्तक. चित्रपट महोत्सवासारखी मांडणी, ओपनिंग नाइटपासून क्लोजिंग नाइटपर्यंत. जीव टांगला होता त्यावर. पण मी मला ओळखतो. चार सिनेमे पाहिले असते आणि उरलेलं धूड आल्यागेल्याला दाखवलं असतं.

अपूचं तसं नाही. तीनच सिनेमे, आणि तिन्ही मी परत परत पाहतोच. 'पथेर पांचाली' पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात असताना, पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या, म्हणजे अर्काइव्हच्या थिएटरात. प्रिंट थकलेली. पाऊस सुरू व्हायच्या आधी तळ्यावर पाणकिडे पळतात, पंडित रविशंकरांची सतार वाजत असते, ती जागा आठवतेय? त्यातले किडे कुठले आणि फिल्मवरचे ओरखडे कुठले, तेच कळेना. आणि पहिला थेंब गळ टाकून बसलेल्या माणसाच्या टकलावर पडतो, तो तर मला मित्राने सांगितला.

आता या संचात काय झालंय ते ऐका. 1993 मध्ये लंडनच्या एका लॅबला आग लागली, त्यात या सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. राय जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. जे उरलं ते ऑस्करवाल्या अकादमीच्या अर्काइव्हने सांभाळून ठेवलं. वीस वर्षांनी ती कडक, वेडीवाकडी झालेली रिळं इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये गेली. तिथल्या लोकांनी फिल्म मऊ केली, वितळलेली टेप खरवडली, कडेची भोकं हाताने दुरुस्त केली. 'पथेर पांचाली'ची साधारण 40 टक्के निगेटिव्ह वाचली, 'अपराजितो'ची 60 टक्क्यांहून जास्त. 'अपूर संसार'ची मात्र कामाची उरलीच नव्हती, ती दुसऱ्या प्रतींवरून उभी केली. या सगळ्यावरचा एक छोटा माहितीपटही संचात आहे. मला विचाराल तर पैसे त्याचेच. बाकी जोडपदार्थांपैकी 1967 चा रायांवरचा अर्ध्या तासाचा माहितीपट हवा आहे. मुलाखती एकदा बघून होतील.

एक व्यवहाराची गोष्ट, घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा. ब्ल्यू-रेच्या नकाशात भारत सी विभागात येतो आणि क्रायटेरियनच्या बहुतेक डिस्क ए विभागाच्या कुलपात असतात, म्हणजे त्या विभागाच्या प्लेअरवरच चालतात. दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने एक मागवली, घरच्यांना सोफ्यावर बसवलं, आणि पडद्यावर फक्त एक निळी पाटी. शेवटी सगळे विभाग चालणारा प्लेअर जुना बघून घेतला. तो खर्च धरल्याशिवाय "परवडतंय" म्हणू नका.

खरी पोटदुखी वेगळीच आहे. मराठीतल्या एखाद्या दिग्दर्शकाचा असा संच कुणी काढला असता, तर हा जमाखर्च मांडतच बसलो नसतो. बाबांनी जमवलेल्या मराठी व्हीसीडी अजून माळ्यावर आहेत. एक सिनेमा दोन तबकड्यांत चिरलेला, कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, ऐन रडण्याच्या प्रसंगी खालून फोन नंबर पळतो. आमचं वैभव ते एवढं.

काल रात्री भाच्याला कळवलं, आण बाबा. फक्त खोकं चेपू देऊ नकोस. बायकोने अट घातलीय, दिवाळीपर्यंत त्या 11 बघून संपल्या पाहिजेत. दोन झाल्या. आज तिसरी लावतोय, कुणी येणार असाल तर आठच्या आत या, चहा मिळेल.