एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर: कार्ड रायटर विकतो, चॅनल फोडून देत नाही

नमस्कार साहेब,

तुम्ही लिहिलंय की आमच्या एम. जी. रोडच्या दुकानात तुमच्यादेखत एका कॉलेजच्या मुलाला स्मार्ट कार्ड रीडर-रायटर काही न विचारता दिला. तुम्ही मात्र टीव्हीला जोडायच्या नव्या अँड्रॉइड बॉक्समध्ये पेनड्राइव्हवरचं ‘सगळे चॅनल फ्री’वालं ॲप टाकून मागितलंत, तर चार गिऱ्हाइकांसमोर नाही म्हटलं. एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असा तुमचा आक्षेप. दोन्ही गोष्टी घडल्या आणि दोन्ही मी समजून-उमजून केल्या.

तो रायटर म्हणजे यूएसबीला जोडायची छोटी डबी. कार्डाची सोनेरी चिप खाचेत बसली की आतली माहिती वाचता येते, नवी लिहिता येते. इंजिनिअरिंगची मुलं हजेरीच्या प्रोजेक्टला नेतात, गेट-लॉकची कामं करणारे नेतात. अशाच यंत्रावर पूर्वी पैसे न भरता चॅनल दाखवणारी डिशची चोरटी कार्डंही बनायची, हेही खरं. अमेरिकेत त्यावरून केवढं रामायण झालं! डायरेक्टीव्ही या तिथल्या डिश कंपनीने ही यंत्रं विकणाऱ्यांच्या विक्रीच्या नोंदी हस्तगत केल्या आणि यादीतल्या हजारो लोकांना पत्रं धाडली: साधारण ३,५०० डॉलर भरून मिटवा, नाहीतर दावा लावतो. यंत्र रीतसर कामासाठी घेतलेले लोकही त्यात भरडले गेले. वकिलाचा खर्च त्याहून जास्त, मग निर्दोष माणूसही पैसे भरून मोकळा होणार! शेवटी २००४ मध्ये तिथल्या एका अपील कोर्टाने सांगितलं की नुसतं यंत्र जवळ बाळगलं म्हणून कंपनीला दिवाणी दावा लावता येणार नाही. त्याच वर्षी कंपनीनेही केवळ असं यंत्र घेतलं म्हणून खटले न भरण्याचं कबूल केलं. हे वाचल्यापासून माझं पक्कं ठरलंय, काउंटरवर कुणाला ‘कशाला हवंय’ विचारायचं नाही. गिऱ्हाइकाला चोर समजून मला धंदा करायचा नाही.

तुमचा बॉक्सही तसाच निर्दोष, म्हणून तर तो तुम्हाला विकला. पण त्यात ॲप भरून देणं म्हणजे ते काम मी स्वतः करणं. नेदरलँड्समधला एक विक्रेता नेमकं हेच करायचा: नेटवरच्या चोरीच्या प्रक्षेपणाकडे नेणारे ॲड-ऑन (छोटे जोड-प्रोग्राम) आधीच भरलेले बॉक्स, आणि वर तशी जाहिरात. ‘मी फक्त डबा विकतो, बाकी सगळं नेटवर आहेच,’ हे त्याचं म्हणणं युरोपियन कोर्टाने २६ एप्रिल २०१७ ला फेटाळलं. तो निकाल आपल्याला लागू नाही. पण आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५ए आलंय: कॉपीराइटच्या हक्कभंगाच्या हेतूने, त्या हक्काच्या रक्षणासाठी लावलेलं तांत्रिक कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आणि हेतू तर तुम्ही मला सांगूनच काम देत होतात, ‘महिन्याचं पॅक बंद करायचंय.’

‘दुसरीकडे बाराशेत करून देतात,’ असंही तुम्ही लिहिलंय. देत असतील. पण २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने असा मार्ग घालून दिला की बंद केलेली चोरीची साइट नव्या पत्त्यावर उगवली तर नवा खटला न भरता तीही बंद करून घेता येते. ऐन मॅचमध्ये स्क्रीन काळी झाली की बाराशे घेणारा फोन उचलत नाही, आणि लोक तो डबा घेऊन माझ्याकडे येतात. शिवाय भर पावसात वायर जोडायला येणाऱ्या आपल्या केबलवाल्याचं पोट त्याच महिन्याच्या पैशांवर आहे. त्याचं कनेक्शन मी माझ्या हाताने तोडणार नाही.

पॅक महाग पडतं ही तुमची अडचण मात्र खरी आहे. २०१९ पासून चॅनल सुटे निवडता येतात. घरात कुणी बघत नाही ते काढून टाका, बिल उतरेल. नाहीतर दूरदर्शनचं फ्री डिश घ्या, त्याला महिन्याचं भाडं नाही. बॉक्स घेऊन या, रीतसर ॲप्स एकही पैसा न घेता बसवून देतो. संध्याकाळी गर्दी असते, दुपारी आलात तर निवांत बसून करता येईल.