200 किलोमीटरच्या अटीवरचा आक्षेप

नमस्कार. तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही.

जिओकॅशिंग म्हणजे लपवलेले डबे (कॅश) GPSच्या मदतीने शोधून ऑनलाइन नोंदवायचा खेळ; त्यातल्या चॅलेंज कॅशची नोंद ठरलेली अट पूर्ण केल्यावरच करता येते. बव्हेरियात मी ठेवू पाहतोय त्या चॅलेंज कॅशची अट अशी: एकाच तारखेला सापडलेल्या कुठल्या तरी दोन डब्यांमध्ये सरळ रेषेत किमान 200 किलोमीटर अंतर हवं. तुमचं म्हणणं, सरळ रेषा प्रत्यक्ष प्रवास दाखवत नाही, गाडी-विमानवाल्यांचं फावतं, त्यापेक्षा दोन रेखांश ओलांडायची अट बरी.

रेखांशाचं आधी उरकतो. विषुववृत्तावर एक रेखांश सुमारे 111 किलोमीटरचा, पुण्यात 105च्या आसपास, म्युनिकमध्ये 74 आणि नॉर्वेतल्या ट्रॉम्सोत जेमतेम 39. शिवाय म्युनिकहून न्युरेंबर्गला गेलेल्या माणसाने दीडशे किलोमीटर कापूनही त्याच्या पदरात पडणार अर्धा रेखांश! उत्तर-दक्षिण फिरणाऱ्यांनी काय घोडं मारलंय?

सरळ रेषेसाठी तुम्ही बोडनझेचं, म्हणजे जर्मनी-स्वित्झर्लंड सीमेवरच्या सरोवराचं, उदाहरण दिलंत. फ्रीडरिशहाफेनहून रोमान्सहॉर्न बोटीने साधारण 12 किलोमीटर, काठाकाठाने जायचं तर भलामोठा वळसा. (दाभोळला जंगलबोटीने खाडी ओलांडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) वळसा घालणाऱ्याला जास्त अंतर का मिळू नये, असं विचारता. एक तर पुरावा नाही. 2016पासून नव्या चॅलेंजला चेकर, म्हणजे अट पूर्ण झाली का ते नोंदींवरून तपासणारा ऑनलाइन प्रोग्रॅम, लागतो, आणि चेकरला दिसतात ते डब्यांचे अक्षांश-रेखांश नि नोंदीची तारीख. तुम्ही कुठल्या रस्त्याने गेलात हे त्याला कळायचा मार्ग नाही. दुसरं म्हणजे रस्त्याचं अंतर धरलं तर पेट्रोल जाळणाऱ्याचाच फायदा, म्हणजे तुमची तक्रार आहे नेमकी तीच गोष्ट.

दिवसभरातल्या टप्प्यांची बेरीज मी घेतली नाही तीही याच कारणाने. डबे कुठल्या क्रमाने सापडले यावर बेरीज बदलते, आणि क्रम नोंदवताना हवा तसा लावता येतो. सर्वांत दूरच्या दोन डब्यांमधलं अंतर मात्र क्रम कसाही लावला तरी तेवढंच राहतं. घरापासून मोजावं, तर घराचं ठिकाण ज्याचं त्याने नकाशावर ठरवायचं असतं, ते उद्या हलवताही येतं.

विमानाचं म्हणाल तर हॅम्बर्गला उडून गेलेल्याला 600 किलोमीटर मिळतील, पण इथे क्रमवारीच नाही. 201वाला आणि तो सारखेच. गाडी नसेल तर म्युनिक ते व्युर्झबुर्ग सरळ रेषेत 200च्या वर भरतं आणि साध्या प्रादेशिक गाड्यांनी होतं. आकडा 200 धरला तो हे बघूनच. 300 केला असता तर तुमचा राग मला पटला असता.

लहान मुलांना घेऊन हे कसं जमायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. परतीचा प्रवास त्याच दिवशी करायचं बंधन नाही, आणि चॅलेंज प्रसिद्ध होण्याआधीचे जुने डबेही धरले जातात. चॅलेंजच्या डब्यातल्या वहीत सही आधी करून ठेवा, अट पूर्ण होईल तेव्हा ‘सापडला’ अशी नोंद करा. सुट्टीला निघताना घराजवळ एक आणि मुक्कामी पोचल्यावर एक, असे डबे तुम्ही कधी शोधले असतील तर जुन्या नोंदी चाळून बघा.