‘कुटुंब’ म्हणजे माहेर की सासर? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लग्नानंतर पुन्हा शिकू पाहणाऱ्या स्त्रियांना शिष्यवृत्तीची खात्री आधी का मिळत नाही, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तिचे उत्तर दोन ओळींत उरकणे मला बरे वाटेना, म्हणून ते स्वतंत्रपणे लिहीत आहे. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय सांगते. आपले म्हणणे असे की, मुलींच्या शुल्कमाफीसाठीची आठ लाखांची उत्पन्नमर्यादा शासन निर्णयात स्वच्छ लिहिलेली असताना मी नसलेला संभ्रम उभा केला. शिक्षणात दोन वर्षांहून अधिक खंड असल्यास लाभ मिळत नाही, ही अट शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर असूनही मी ती सांगितली नाही. आणि मी दिलेले ‘विवाहितेच्या बाबतीत सासरचे उत्पन्न धरतात’ हे सरसकट विधान चुकीचे आहे. शेवटी आपण असेही विचारले आहे की, ज्यांनी शिक्षण आपणहून सोडले त्यांच्या परतीचा खर्च सरकारने का करावा.

आपला तिसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. ते वाक्य मी घाईने लिहिले होते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये, आईवडिलांपैकी कोणी हयात असेपर्यंत त्यांचेच उत्पन्न धरावे आणि विद्यार्थिनी विवाहित व बेरोजगार असल्यास पतीचे धरावे, अशी तरतूद आढळते. तिथली मर्यादा अडीच लाखांची आहे. एका योजनेतली ही तरतूद मी सगळ्या योजनांना लावून मोकळी झाले. महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बरीच वर्षे बसूनही ही चूक माझ्याकडून व्हावी, याची मला लाज वाटते.

खंडाविषयी मात्र आपली गल्लत झाली आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीच्या अटींमध्ये दोन वर्षांच्या खंडाचा जो उल्लेख येतो, तो अभ्यासक्रम चालू असताना पडणाऱ्या खंडाचा आहे. पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन मध्येच दोन वर्षे घरी बसलेल्या विद्यार्थ्याला तो लागू होतो. पदवीनंतर अकरा वर्षे संसार करून नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात बसणाऱ्या बाईशी त्याचा संबंध नाही. महाविद्यालय प्रवेशाच्या वेळी खंडाचे प्रतिज्ञापत्र मागते, ते मधल्या काळात आपण अन्यत्र कोठे शिकत नव्हतो हे लिहून घेण्यासाठी. त्या कागदाचा धसका घेऊन फॉर्म न भरताच परत गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना घाबरवणारी वाक्ये नेमकी आपल्या प्रतिक्रियेतल्यासारखीच, अर्धी वाचलेल्या अटीवर उभी असतात. परतणाऱ्यांना खरा अडथळा वेगळ्याच नियमाचा होतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एक टप्पा पूर्ण केल्यावर त्याच टप्प्याचे दुसऱ्या विषयातले शिक्षण बसत नाही, म्हणजे बी.ए. झाल्यावर बी.कॉम.ला ती मिळत नाही. तो नियम कडक असला तरी त्याच्या अर्थाविषयी शंका राहत नाही.

आता आठ लाखांच्या मर्यादेकडे येते, कारण आपण जिला स्वच्छ म्हणता ती अट मला सगळ्यात गढूळ वाटते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. निर्णय चांगला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अडचण ‘कुटुंब’ या शब्दाची आहे, कारण एकाच विद्यार्थिनीच्या फाईलमध्ये त्याचे निरनिराळे अर्थ निघतात. ती इतर मागास वर्गातली असेल, तर नॉन क्रीमी लेयरचा, म्हणजे ती त्या वर्गातल्या सधन गटात मोडत नसल्याचा, दाखला तिच्या आईवडिलांच्या स्थितीवरून मिळतो. पतीचे उत्पन्न त्यासाठी पाहायचे नाही, हे केंद्राने १४ ऑक्टोबर २००४ च्या खुलाशात सांगितलेले आहे. शिवाय त्या दाखल्यासाठी आठ लाख मोजताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न बाजूला ठेवतात. तीच विद्यार्थिनी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून आली, तर ३१ जानेवारी २०१९ च्या केंद्रीय आदेशानुसार तिच्या कुटुंबात आईवडील, अठरा वर्षांखालील भावंडे, पती आणि अठरा वर्षांखालील मुले असे सगळे येतात आणि पगार व शेतीसह प्रत्येक उत्पन्न मोजले जाते. आकडा दोन्हीकडे आठ लाखांचाच आहे, पण एकीकडे पती हिशेबात नाही आणि दुसरीकडे माहेर व सासर दोन्ही एकाच बेरजेत आहेत. या दोहोंच्या पुढे शुल्कमाफीच्या अर्जाचे ‘कुटुंब’ उभे राहते, आणि ते कोणते धरायचे हे टेबलावर बसलेल्या माणसाला ठरवावे लागते. (शाहू शिष्यवृत्तीत तर लाभ कुटुंबातील दोनच अपत्यांना मिळतो. माहेरी तिसरी असलेली मुलगी सासरी कितवी मोजायची, हा प्रश्न मला एकदा खरोखरच विचारला गेला होता आणि मी उगाचच चष्मा पुसत बसले होते.)

मूळ लेखातील उदाहरण मी थोडक्यात आटोपले होते. ते इथे नीट सांगते. चौतीस वर्षांची, इतर मागास वर्गातली एक विद्यार्थिनी बी.एड.च्या प्रवेशानंतर माझ्यासमोर अर्ज भरायला बसली. तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत नॉन क्रीमी लेयर होते ते माहेरच्या तालुक्याचे, वडिलांच्या नावावरून काढलेले. उत्पन्नाचा दाखला सासरच्या तहसीलचा, पतीच्या नावाचा. दहावीची गुणपत्रिका माहेरच्या आडनावाची, आधार सासरच्या आडनावाचे आणि दोन्हींना जोडणारा विवाह नोंदणीचा दाखला घडीवर फाटलेला. आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याचा होता आणि तो कारखान्यात पहिल्या पाळीवर. ओटीपी त्याच्या फोनवर जाई, ही इथून फोन लावी, तो यंत्रापासून बाजूला होऊन आकडे सांगेपर्यंत वेळ संपून जाई. तीनदा असे झाल्यावर ती म्हणाली, “मॅडम, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत करू.” साडेबाराला आम्ही पुन्हा बसलो आणि अर्ज भरला. पतीचे उत्पन्न पुरेल असे मीच तिला सांगितले होते. दीड महिन्याने अर्ज परत आला. शेऱ्यात लिहिले होते, कुटुंबाच्या उत्पन्नाबाबत खुलासा करावा. कोणाच्या कुटुंबाचा, ते लिहिले नव्हते. तिने वडिलांचाही दाखला जोडला. अर्ज दुसऱ्यांदा परत आला, तेव्हा शेऱ्यात दोन दाखले का, अशी विचारणा होती.

आपण लिहिले आहे की पात्र असणाऱ्याने काळजी करू नये, पैसे येतातच. पात्र विद्यार्थिनींकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क घेऊ नये, असे निर्देशही महाविद्यालयांना आहेत. परंतु पात्रता ठरते ती प्रवेशानंतर, आधी महाविद्यालयाच्या आणि मग विभागाच्या छाननीतून. प्रवेशाच्या दिवशी खिडकीशी उभी असलेली बाई कागदोपत्री अजून पात्र नसते, केवळ अर्जदार असते, आणि संस्था तिच्याकडून पहिला हप्ता मागून घेते. या विद्यार्थिनीने तो बचत गटाच्या कर्जातून भरला. नंतर माफी मंजूर झाली तरी मधल्या महिन्यांचे व्याज तिला कोणी परत देणार नाही. विकास शुल्क तर माफीत येतच नाही.

आणखी एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली होती, तीही आपल्यामुळे लक्षात आली. शुल्कमाफी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना आहे. व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरील प्रवेश तिच्यात बसत नाहीत, अभिमत आणि खासगी विद्यापीठेही नाहीत. नुकतीच बारावी किंवा पदवी झालेल्या मुलीला सीईटीच्या आणि फेऱ्यांच्या तारखा वर्गमैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळतात. दहा वर्षे बाहेर असलेल्या बाईला त्या कळतात तेव्हा बहुधा फेऱ्या आटोपलेल्या असतात आणि संस्थास्तरावरची जागा तेवढी उरलेली असते. ती घेताना, या जागेवर माफी मिळणार नाही, असे तिला आपणहून सांगणारे कोणी भेटत नाही.

सरकारने खर्च का करावा, या प्रश्नावर मी वाद वाढवणार नाही. वर सांगितलेली विद्यार्थिनी बी.ए.ला प्रथम वर्गात उत्तीर्ण झाली होती आणि निकालाआधीच तिचे लग्न ठरले होते. ‘आपणहून सोडले’ हे शब्द तिला लावायला माझी जीभ रेटत नाही; आपणही त्यांचा फेरविचार करावा, एवढीच विनंती.

सासरच्या उत्पन्नाबद्दलचे ते वाक्य मी आज मूळ लेखातून काढले असून तेथे योजनावार खुलासा घातला आहे. चौकशीला येणाऱ्यांना मी आता दोन्ही तालुक्यांचे उत्पन्नाचे दाखले प्रवेशाआधीच काढून ठेवायला सांगते, पण अर्जाला एकच जोडायला लावते आणि कोणत्या कुटुंबाचे उत्पन्न धरायचे, हे संबंधित विभागाच्या जिल्हा कार्यालयाला लेखी विचारून त्या पत्राची पोच फाईलला लावून घेते. आपण प्रतिक्रियेत आपल्या वहिनींचा अर्ज पहिल्याच फेरीत मंजूर झाल्याचा उल्लेख केला आहे. त्यांनी कोणाच्या नावाचा दाखला जोडला होता आणि प्रवर्ग कोणता होता, हे कळवू शकलात तर मी ते नाव न देता लेखात घालीन. आमच्या विद्यार्थिनीचा अर्ज तिसऱ्यांदा पाठवला आहे आणि पोर्टलवर तो अजून छाननीत दिसतो.