राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट

गेल्या आठवड्यात शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तेच. बेळगावच्या एका पोराचं नाव कर्नाटकाच्या क्रिकेट संघाच्या यादीत आलं नाही आणि अर्ध्या तासात चर्चा बेळगाव तिकडच्या राज्यात गेलं त्या १९५६ पर्यंत मागं गेली. "मराठी आहे न्हवं, म्हणून डावललं." "कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, महाराष्ट्राकडून खेळायला पायजे होता." एकानं तर महाराष्ट्रानं सीमाभागासाठी सुप्रीम कोर्टात केलेला २००४ चा दावाही ओढून आणला.

इंग्लंडात लेस्टरमध्ये बसून मी हे वाचत होतो. सीमाप्रश्न आमच्याही घरातला. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, आजोबा काळी फीत लावल्याशिवाय बाहेर पडत नसत. पण प्रत्येक नो-बॉल सीमाप्रश्नाच्या खात्यावर टाकायचा, हे मला पटत नाही. वेगवान गोलंदाज रोनित मोरे बेळगावचाच. कर्नाटकाकडून रणजी खेळला. आडनाव काही आडवं आलं नाही.

आडवं येतं ते अंतर. आमच्या वर्गातला एक बेळगावातल्याच शहापूरचा पोरगा जोरात गोलंदाजी टाकायचा. वडिलांचे दोन पावरलूम. क्रिकेटमध्ये बेळगाव धारवाड विभागात येतं. तिथं विकेटी काढल्या की नाव होतं, पण निवडणाऱ्यांची नजर बेंगळुरूच्या लीगवर. म्हणून हा शुक्रवारी संध्याकाळी बेंगळुरूला जाणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडायचा, किटची बॅग उशाला, सकाळी उतरून थेट मैदानात. असे चार हंगाम. संभाव्य खेळाडूंच्या यादीपर्यंत पोचला, पुढं नाही. आता खडेबाजारात कापडाच्या दुकानात असतो. म्हणतो, "माझी सगळ्यात मोठी खेळी म्हणजे अरसीकेरेपर्यंत उभ्यानं केलेला प्रवास."

आणि समजा, पोचला असता? २०२१ मध्ये भारताच्या क्रिकेट बोर्डानं ठरवलेल्या दरानं नवख्या रणजीपटूला दिवसाला ४०,००० रुपये. साखळीचे सात सामने, प्रत्येकी चार दिवस: ११ लाख २० हजार. ऐकायला झकास. पण हे सगळे सामने अकरात असलात तर. राखीव असलात तर निम्मे. संघाबाहेर गेलात तर त्या दिवसांचे शून्य, आणि पुढच्या वर्षाची हमी कुणाचीच नाही. आयपीएलवाल्यांचे आकडे पेपरात पहिल्या पानावर येतात. रणजीत दहा वर्षं घासून तिशीत घरी बसणाऱ्याचा हिशेब कुणी छापत नाही.

इथं ग्रेस रोडवर कौंटीचा सामना बघायला मी अधूनमधून जातो. मंगळवारी प्रेक्षक बोटावर मोजावेत, त्यातले निम्मे थर्मासवाले पेन्शनर. तरी खेळाडूकडं करार असतो. दुखापत झाली म्हणून त्या महिन्याचा पगार तुटत नाही. खेळाडूंची संघटना १९६७ पासून आहे आणि क्रिकेट संपल्यावर काय करणार, हे ती करिअर चालू असतानाच विचारते. आपल्याकडं २०१९ मध्ये संघटना झाली, तीही निवृत्तांची! खेळणाऱ्यानं मागायचं कुणाकडं? (इंग्लंड म्हणजे स्वर्ग, असं मात्र कुणी समजू नये. इथंही खासगी शाळेतल्या पोरांना मैदान आणि कोच आयते मिळतात. आमच्या गल्लीतली आशियाई पोरं कार पार्कमध्ये टेनिस बॉलला टेप गुंडाळून खेळतात.)

म्हणून ग्रुपवर मी लिहिलं: पोरगं कुणाचं यावर भांडा, पण आधी त्याला बेळगावात राहून निवडीत येता यावं हे मागा. ऑटोनगरचं मैदान आहे, तिथं निवडसमितीसमोर सामने होऊ देत. हंगामाचा करार मागा, बेंगळुरूच्या राज्य संघटनेकडंही आणि बोर्डाकडंही. त्यात मराठी-कन्नड दोन्ही पोरांचं भलं आहे. रायचूरच्या पोराचा प्रवासही काही कमी नाही.

एकानं अंगठा दिला. दुसरा म्हणाला, "तिकडं जाऊन शहाणा झालास गा."

शहापूरवाला ग्रुपवर काहीच बोलला नाही. रात्री त्याचा वेगळा मेसेज आला: "पोरगं तेरा वर्षांचं झालं. हात चांगला फिरतो. बेंगळुरात खोली बघतोय, तुझ्या ओळखीचं कोण आहे काय?"