गाजरगवत मला ओळखता येत नाही म्हणे!

छिंगहाव म्हणजे मलेरियावरचं औषध जिच्यापासून काढतात ती चिनी वनस्पती. 'छिंगहाव : ओळख, कापणी, वापर' या माझ्या लेखाखाली परवा एक प्रतिक्रिया आली. लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही, त्यामुळे मी त्यांना निनावीराव म्हणते. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी इथे उतरवते:

"काकू, फोटोत आहे ते सरळसरळ गाजरगवत आहे. चार दिवस नवऱ्याबरोबर चीनला जाऊन कुणी वनस्पतितज्ज्ञ होत नाही. गे होंगचं पुस्तक तिसऱ्या नव्हे, चौथ्या शतकातलं. औषधासाठी छिंगहाव फुलोऱ्यात कापतात, तुम्ही फुलायच्या आधी म्हणता. आणि उद्या हे वाचून कुणी मलेरियात गोळ्या सोडून पाला उकळत बसलं तर जबाबदार कोण?"

आधी तुमचं बरोबर आहे ते मान्य करते. गे होंग या जुन्या चिनी वैद्याचं ते औषधांचं पुस्तक साधारण ३४० सालचं, म्हणजे चौथं शतकच. जन्म २८३ चा म्हणून माझ्या डोक्यात तिसरं बसलं. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता बाकीचं. मला काकू म्हणायला माझी हरकत नाही, पंचावन्न वर्षांची बाई आहे मी. पण काकू म्हणण्याचेही प्रकार असतात. शेजारचा मुलगा दारात डबा घेऊन येतो आणि 'काकू' म्हणतो तो एक, आणि रिक्षावाला 'ओ काकू, सुट्टे नसतील तर उतरा' म्हणतो तो दुसरा. तुमचा दुसरा. 'नवऱ्याबरोबर' हा शब्द तर तुम्ही का घातलात ते तुम्हालाच ठाऊक. नवरा कंपनीच्या कामाला गेला होता, मी त्याच्यामागे गेले, हे मी लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. लपवलेलं काही नाही. आणि चार दिवस नाही हो, चोंगछिंगमध्ये आम्ही तीन वर्षं दोन महिने होतो. दिवस तुम्हीच मोजा, हिशेबात पक्के दिसता.

तर गाजरगवत. मी पुण्यात राहते. हे गवत १९५५ साली नोंदलं गेलं तेच मुळी आमच्या पुण्यात. आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत ते कमरेएवढं वाढतं, दर पावसाळ्यात मी हातमोजे घालून ते उपटते, आणि एका वर्षी मोजे विसरले तर दोन्ही मनगटांवर पंधरा दिवस पुरळ होतं. गाजरगवत ओळखायला मला कुणाची शिकवणी नको.

फुलं आल्यावर तर लहान मूलही फरक सांगेल. गाजरगवताची फुलं पांढरी, तांदळाच्या कणीसारखी. छिंगहावची पिवळी, जेमतेम दोन मिलिमीटरची, खाली माना घातलेली, आणि ती अशी शेकड्यांनी की सगळं झाड वरून निमुळत्या गुढीसारखं दिसतं. माझा फोटो फुलं यायच्या आधीचा आहे, तेव्हा पानं बघावी लागतात, आणि ती तुम्ही मोठी करून बघितलेली नाहीत. गाजरगवताचं पान एकदा, फार तर दोनदा चिरलेलं, चिरलेले भाग रुंद, वर लव, हाताला खरबरीत. छिंगहावचं खालचं पान तीनदा चिरलेलं, शेवटचे तुकडे कंगव्याच्या दात्यांसारखे, लव जवळजवळ नाहीच. भिंगाखाली धरलं तर पानावर बारीक चकचकीत ठिपके दिसतात. त्या ग्रंथी. सगळं औषध त्यांत.

पण खरी ओळख नाकाची, आणि तिथे माझ्याशी वाद घालू नका. माझं आजोळ जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याशी. चैत्र यात्रेत आजी दवण्याच्या जुड्या विकायला बसायची. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या त्या जुड्या आदल्या रात्री स्वयंपाकघरात ठेवलेल्या असत आणि सकाळच्या भाकरीलाही दवण्याचा वास लागलेला असे. दवणा आणि छिंगहाव एकाच कुळातले, शास्त्रीय नावाने दोघेही आर्टिमिसिया. दवणा पॅलेन्स, हा ॲन्युआ. ऑगस्टच्या सुरुवातीला चोंगछिंगच्याच हद्दीतल्या योयांगच्या डोंगरात एका शेताच्या बांधावर उभी होते, पीक माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. तिथली म्हातारी पुढे आली. तिथे वडीलधाऱ्या बाईला 'आयी' म्हणतात, पहिल्या आठवड्यात मला ते ऐकून भरून यायचं. त्या आयीने एक शेंडा खुडला, दोन तळहातांत चोळला आणि काही न बोलता ओंजळ माझ्या नाकाखाली धरली. मी एकदम म्हटलं, दवणा! मग दुसरा श्वास घेतला तेव्हा कळलं की नाही. दवण्याचा वास गोडसर, पिकल्या फळासारखा. हा कापराकडे झुकणारा, आणि मागून कडू. गाजरगवत चोळून बघा आणि सांगा मला कुठल्या देवाला वाहाल. मोजे घालून चोळा मात्र.

हां, एक सांगायला हवं. लेखातला तिसरा फोटो गाजरगवताचाच आहे. तो मी मुद्दाम तुलनेसाठी टाकला होता, सोसायटीच्या मागचाच आहे. खाली तशी ओळ लिहायची राहून गेली. तुम्ही कुठल्या फोटोबद्दल बोलताय ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिसऱ्याबद्दल असेल तर 'तिसरा फोटो' असं म्हणायला काय झालं होतं? मी निमूट ओळ घातली असती. तुम्ही म्हणालात 'फोटोत', म्हणजे सगळेच आले.

आणि ओळखण्यात गोंधळ हा काही माझ्यासारख्या काकूंचाच प्रांत नाही. अकराव्या शतकात शन ख्वो या चिनी विद्वानांनी लिहून ठेवलंय की छिंगहावचे दोन प्रकार दिसतात. १५९६ साली छापलेल्या आपल्या औषधींच्या महाग्रंथात वैद्य ली शीचन यांनी छिंगहाव आणि ह्वांगह्वाहाव अशा दोन वेगळ्या नोंदी केल्या. आज चिनी औषधकोश 'छिंगहाव' म्हणून जी वनस्पती देतो तिला तिथले वनस्पतितज्ज्ञ 'ह्वांगह्वाहाव' म्हणतात, आणि ते जिला छिंगहाव म्हणतात तिच्यात मलेरियावरचं द्रव्य नाहीच. एवढ्या मोठ्या माणसांच्या देशात हा घोळ चालतो, तर माझ्या एका फोटोवर एवढं तुटून पडायचं कारण नव्हतं.

कापणीबद्दल तुम्ही पुस्तक बरोबर वाचलंय आणि माझा लेख अर्धा वाचलाय. औषधकोशात लिहिलंय ते खरं: शरदात, फुलोरा भरात असताना कापावं, जून खोड काढून टाकावं, सावलीत वाळवावं. पण मी लिहीत होते त्या शेतकऱ्यांबद्दल ज्यांचा पाला कारखान्यात आर्टिमिसिनिन, म्हणजे ते मलेरियावरचं द्रव्य, काढायला जातो. ते द्रव्य पानात असतं, खोडात जवळजवळ नसतं, आणि कळ्या धरायच्या सुमाराला भरपूर असतं. फुलं उमलेपर्यंत थांबलं तर खालची पानं वाळून गळतात, मग काय खोडं विकायची? काढ्याची कापणी वेगळी, कारखान्याची वेगळी. आयीच्या घरी सकाळी कापलेला पाला दुपारपर्यंत ताडपत्रीवर पसरलेला असे, नंतर काठीने झोडून पानं वेगळी. अंगणभर हिरवी धूळ, शिंका येऊन बेजार. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही पाहिलंय?

वापराबद्दल तुम्ही काही बोललाच नाहीत, नाहीतर सांगितलं असतं की योयांगच्या डोंगरातले तुजिया जमातीचे लोक वसंतात याच कुळातला कोवळा पाला बारीक चिरून, कडू रस पिळून काढून, कढईत कोरडा परततात आणि चिकट तांदूळ, रानकांदा, धुरावलेलं डुकराचं मांस यांच्याबरोबर भात करतात. मी मांस काढून खाल्ला. भाजणीच्या थालीपिठात मेथी लागते तशी चव.

राहता राहिला मलेरिया. अहो, मलेरियाला प्या असं मी कुठे लिहिलंय? गे होंगने मूठभर पाला पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं, उकळायला नाही. त्यावरून चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना उष्णता टाळायचं सुचलं, म्हणून अर्क काढायला ३५ अंशांनाच उकळणारं ईथर त्यांनी घेतलं, ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा अर्क उंदरांवर पूर्ण लागू पडला आणि २०१५ साली नोबेल मिळालं. ही गोष्ट आहे, पाककृती नाही. पाल्याच्या चहाला जागतिक आरोग्य संघटनेचा पाठिंबा नाही हे मलाही माहीत आहे: पाण्यात द्रव्य नीट उतरत नाही, मात्रा कळत नाही, अर्धवट मात्रेने जंतू निर्ढावतात. मला स्वतःला २००३ साली मलेरिया झाला होता. रक्त तपासलं, डॉक्टरांनी दिल्या त्या गोळ्या घेतल्या, पुरत्या संपवल्या. लेखात हे लिहिलेलं नव्हतं, बरोबर, पण माझे वाचक एवढे बावळट नाहीत. यावर अजून काय बोलायचं?

तिसऱ्या फोटोखाली ओळ घातली आहे, शतक बदललं आहे. पहिले दोन फोटो तिथेच राहतील. तुमची प्रतिक्रियाही काढलेली नाही, 'नवऱ्याबरोबर'सकट जशीच्या तशी ठेवली आहे. नवऱ्याने वाचली. तो म्हणाला, "उत्तर देऊ नकोस."