मांडीचं हाड आणि मार्गारेट मीड: खुलासा

‘संस्कृतीची पहिली खूण कोणती?’ असं विद्यार्थ्याने विचारल्यावर अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड म्हणाल्या, ‘15 हजार वर्षांपूर्वीचं, मोडून जुळलेलं मांडीचं हाड’. हाड जुळायला सहा आठवडे लागतात, तेवढे दिवस कुणीतरी जखमीची शुश्रूषा केली, हीच संस्कृतीची सुरुवात, असं सांगणारा हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. गोष्ट गोड आहे, पण आधार लंगडा.

मीड 1978 मध्ये वारल्या. वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांच्या 1980 च्या पुस्तकात ही गोष्ट भेटते, तीही ऐकलेल्या व्याख्यानाची आठवण म्हणून. मीड यांच्या स्वतःच्या लेखनातला दाखला कुणी देत नाही. उलट 1960 च्या दशकात छापलेल्या एका संवादात याच प्रश्नावर त्यांनी मोठी शहरं, श्रमविभागणी आणि नोंदी ठेवण्याची पद्धत, असं उत्तर दिलं होतं.

शिवाय हाडं हा त्यांचा प्रांतच नव्हे. मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस यांच्या या विद्यार्थिनीने 1925 मध्ये पॅसिफिक महासागरातलं सामोआ गाठलं ते तिथल्या मुलींचं वयात येणं अभ्यासायला. पुढे न्यू गिनी, बाली. उत्खनन नाही.

आता हाडाकडे. मांडीचं हाड मोडलं की भोवतालचे दणकट स्नायू दोन्ही टोकं ओढतात, ती एकमेकांवर चढतात. वजन लावून ताण दिला नाही, तर हाड जुळतं पण वाकडं, आणि पाय आखूड होतो. जुळायला तीन ते सहा महिने. फॉरवर्डमधले सहा आठवडे फारच कमी. आणि मोडून जुळलेली हाडं रानातल्या गिबन वानरांच्या सांगाड्यांतही सापडली आहेत, तिथे शुश्रूषा करणारं कुणी नव्हतं.