नवा अल्बम काढताय? आधी चाहत्याचा खिसा बघा

रॉक बँड आहे, नवा अल्बम काढायचाय, पण सुरुवात कुठून करावी कळत नाही? काळजी सोडा. एका नावाजलेल्या बँडने नुकतंच माझ्यावर साग्रसंगीत प्रात्यक्षिक केलंय, तेव्हा सल्ला अगदी ताजा आहे.

पहिलं म्हणजे, घाई नको. बीटल्सने ११ फेब्रुवारी १९६३ रोजी पहिल्या अल्बमसाठी एका दिवसात दहा गाणी ध्वनिमुद्रित केली. असला उतावीळपणा आपल्याला शोभत नाही. आदर्श ठेवावा तो गन्स अँड रोझेसचा. १९९३ नंतर त्यांचा पुढचा स्टुडिओ अल्बम उगवला तो थेट २००८ साली. मधल्या काळात फोटो टाकत राहायचं. स्टुडिओतल्या मिक्सरसमोर डोळे मिटून बसलेला गिटारवाला, खाली एक ओळ: 'काहीतरी शिजतंय.'

ड्रमर ठेवा, फोटोत बरा दिसतो. त्याचा प्रत्येक ठोका नंतर संगणकावर ओढून रेघेत बसवायचाच आहे.

गाण्याला लांबलचक सुरुवात नको. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक 'ऐकणं' जमा होतं. पुढचं गाणं ऐकलं काय, न ऐकलं काय.

मास्टरिंगला, म्हणजे गाण्यांवर शेवटचा हात फिरवायला, बसलात की सगळा आवाज वर चढवा. कुजबूज आणि किंकाळी एकाच उंचीची हवी, लाटण्याने लाटल्यासारखी. मेटालिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' २००८ मध्ये आला तेव्हा त्यातली गाणी सीडीपेक्षा 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये बरी वाटतात, असं चाहतेच म्हणू लागले होते. आता तर बहुतेक स्ट्रीमिंगवाले सगळ्यांचा आवाज एकाच पातळीवर आणून ठेवतात, म्हणजे ही चढाओढ फुकटच. तरी सोडायची नाही.

आता मुख्य विषय, विक्री. अल्बममध्ये दहा गाणी असतील तर सहा आधीच एकेक करून सिंगल म्हणून सोडा. प्रत्येकाच्या आधी टीझर, टीझरच्या आधी टीझरची घोषणा. मग प्री-ऑर्डर उघडा. विनाइलची तबकडी काळी, लाल, धुरकट आणि 'मर्यादित'. मर्यादा कशाची ते लिहायचं नाही. माझ्यासारखा कोणीतरी लाल घेतोच. प्रकाशनाचा शुक्रवार येतो, गाणी सगळ्या जगाच्या फोनवर वाजतात. ज्याने महिनोन्‌महिने आधी पैसे भरले त्याची तबकडी मात्र 'लवकरच रवाना होईल'. शेवटी येते, तीही कोपरा दुमडलेल्या वेष्टनात. आत गाण्यांचे शब्द नाहीत, कोणी काय वाजवलं ते नाही. एक क्यूआर कोड आहे, तो टी-शर्टच्या दुकानात नेतो. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लागतं आणि सुई मध्याकडे सरकली की गायकाचा प्रत्येक 'स' चरचरतो. अल्बममधलं एकमेव संथ गाणं, तेच तिथे नेऊन घातलंय. तरी म्हटलं असू दे, आपला बँड आहे. आणि तबकडी हातात पडते न पडते तोच ईमेल: 'डिलक्स आवृत्ती! तीन नवी गाणी!' फक्त त्या डिलक्स तबकडीवर. नवी कसली? स्टुडिओतल्या त्या जुन्या फोटोत मागच्या फळ्यावर तिन्हींची नावं खडूने लिहिलेली दिसतात की!

म्हणजे प्री-ऑर्डर घेताना तुम्हाला सगळं ठाऊक होतं. पुस्तक विकून झाल्यावर शेवटचं प्रकरण वेगळं विकायला लाज वाटेल, इथे का वाटत नाही? जो सगळ्यात आधी विश्वास टाकतो, त्यालाच सगळ्यात अपुरा माल? गाणी कमी पडत असतील तर पाच गाण्यांचा ईपी काढा, कोणी नावं ठेवणार नाही. डिलक्स येणार असेल तर पैसे घेण्याआधी तसं लिहा. आणि आधी पैसे मोजलेल्यांना ती तीन गाणी आजच्या आज पाठवा. फायलीच पाठवायच्यात, डोक्यावरून वाहून न्यायच्या नाहीत.